थंडीच्या आधी घर: पत्रा, माळवद, स्लॅब (मराठवाड्यापुरतं)

गोदाकाठ | २८ ऑक्टोबर, रात्री ९.१२

ऑक्टोबर सरत आला की 'हिवाळ्याआधी घराची ही दहा कामं करा' असल्या याद्या फिरायला लागतात. नळ रिकामे करा, पाइप गुंडाळा, धुराडं झाडा. त्या याद्या बर्फाच्या मुलखातल्या. परभणीत पारा ५-६ अंशांवर उतरला तरी भिंतीतला पाइप गोठत नाही. आपली थंडी निराळी आहे: दुपारी २८-३० अंश, पहाटे १० च्या खाली, आभाळ निरभ्र, हवा कोरडी. एका दिवसात १८-२० अंशांची उलथापालथ होते आणि ती घरात शिरते मुख्यतः छतातून. दारं-खिडक्यांचा नंबर नंतर.

निरभ्र रात्री उघड्या आभाळाखालची प्रत्येक वस्तू आपली ऊब वर आभाळाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. पहाटे अंगणात उभ्या गाडीची काच दवाने ओली असते, लिंबाखाली उभ्या गाडीची कोरडी. हवा दोन्हीकडे तीच. डोक्यावर आभाळ आहे की फांद्या, एवढाच फरक. घराचं छत रात्रभर त्या अंगणातल्या गाडीसारखं उघड्यावर असतं. ढग आले की गारठा कमी होतो तोही याचमुळे.

म्हणून सुरुवात छतापासून करू. पत्रा, माळवद (लाकडावर मातीचं सपाट छत), स्लॅब या तिघांची दुखणी वेगळी. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते मापासकट लिहा. आजीच्या काळच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

तुराटी | २८ ऑक्टोबर, रात्री १०.०५

मग पहिला प्रश्न माझाच. १० बाय १२ च्या दोन खोल्या, वर ०.५ मिमीचे रंगीत पत्रे, खाली २ इंची पाइपाचे पर्लिन (पत्र्याचे आडवे आधार). डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंथरुणावर पाणी टपकायलंय. पावसाळ्यात थेंब नाही. फॅब्रिकेशनवाल्यानं सगळ्या स्क्रूचे वॉशर बदलले, सिलिकॉन मारलं. फरक शून्य. कुठून गळायलंय?

पट्टी_पाइप | २८ ऑक्टोबर, रात्री १०.४०

तुराटीभाऊ, पावसात गळत नाही आणि कोरड्या थंडीत गळतंय, म्हणजे ती गळती नाहीच. पत्र्याला घाम येतोय. वॉशर उगाच बदलले.

खात्री करायची तर पहाटे ५ ला बॅटरी मारून पत्र्याची खालची बाजू बघा. गळती असेल तर ओल एखाद्या स्क्रूपाशी किंवा जोडापाशी असेल. घाम असेल तर सगळ्या पत्र्यावर बारीक थेंब दिसतील, आणि ते उतारानं घरंगळत पर्लिनपाशी जमून तिथून टपकतील.

पाणी येतं घरातूनच. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतो. चार माणसं, आठ तास, म्हणजे सव्वा लिटरच्या वर. त्यात स्वयंपाक त्याच खोलीत असेल तर गॅसची भर: १ किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. अर्धा मिमीचा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार झालेला. ही सगळी वाफ त्याच्यावर जाऊन थेंब होते.

तुमचा पत्रा रंगीत आहे हीसुद्धा एक गोष्ट. नवा चकचकीत जस्ताचा पत्रा आभाळाकडे ऊब कमी टाकतो; रंग लागला किंवा गंज चढला की भरपूर टाकतो. रंग कोणता याला रात्री महत्त्व नाही. पांढरा काय अन् निळा काय, सारखाच गार पडतो.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकदमच करायचे: घरातली दमट हवा पत्र्यापर्यंत पोचू द्यायची नाही, आणि घराच्या बाजूला येणारा पृष्ठभाग गार पडू द्यायचा नाही. खाली दोन्ही बाजूंनी चकाकी असलेली बबल शीट (हवेच्या फुग्यांची प्लास्टिक शीट) लावली की हे जमतं. उद्या मापं देतो.

दुधना | २९ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

मापं येईपर्यंत फुकटातला उपाय: आंघोळीचं पाणी झोपायच्या खोलीत तापवू नका, ओले कपडे आत वाळत घालू नका, आणि आढ्याजवळचा झरोका बोळा कोंबून बंद केला असेल तर तो काढा. दमट हवा वर चढते, तिला वरूनच वाट हवी. लोक नेमका तोच झरोका आधी बुजवतात.

पट्टी_पाइप | २९ ऑक्टोबर, रात्री ८.५५

घ्या. एका १० बाय १२ खोलीला उतार आणि भिंतीवरची टोकं धरून छत साधारण ११ बाय १३ फूट भरतं. शीटचा रोल बहुधा ४ फूट रुंद असतो. दोन पट्ट्या एकमेकींवर २ इंच चढवल्या तर कामाची रुंदी ४६ इंच. १३ फुटांना ४ पट्ट्या, प्रत्येकी साडेअकरा फूट, म्हणजे ४६ फूट लांबी. दोन खोल्यांना ९२, कापाकापी धरून १०० फूट घ्या.

आता मुख्य गोष्ट, जिथे दहापैकी आठ कामं फसतात. शीट पत्र्याला चिकटवायची नाही. चकाकीचा उपयोग तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. पत्र्याला टेकली की ती नुसतं ४ मिमी प्लास्टिक उरते. पत्रे उतरवायची गरज नाही, तुमचे २ इंची पर्लिन आहेत त्यांच्या खालच्या कडेला शीट लावा. पत्रा आणि शीट यांच्यात आपोआप २ इंचांची पोकळी मिळते.

आधी पर्लिनला काटकोनात एक-एक फुटावर जी.आय. बाइंडिंग तार ताणून घ्या, नाहीतर शीट झोळीसारखी लोंबते आणि वाऱ्यानं रात्रभर फडफडते. मग तारेखालून शीट, शीटच्या खालून १ इंची ॲल्युमिनियम पट्टी, आणि दीड-दीड फुटावर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू पर्लिनमध्ये. स्क्रू फक्त शीटमध्ये मारला तर सहा महिन्यांत भोक फाटून मोठं होतं, पट्टी हवीच. सांध्यांवर २ इंची ॲल्युमिनियम टेप. भिंतीपाशी शीट २ इंच खाली वळवून पट्टीखाली दाबा. टेप आणि ही भिंतीकडची कड यांत कंजूषी केली तर दमट हवा फटीतून वर जाते, पत्र्यावर घाम येतोच, आणि थेंब शीटवर साचून एके रात्री पाटीभर पाणी एकदम पडतं.

विजेची वायर शीटच्या वरून नेऊ नका. शीटला ॲल्युमिनियम आहे. उंदरानं वायर कुरतडली तर सगळं छत करंट मारतं. वायर खालून, केसिंगमधून.

शिवारातला | २९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

थर्माकोल लावला तर? स्वस्तात होतंय.

पट्टी_पाइप | २९ ऑक्टोबर, रात्री ९.४८

ऊब अडवायला थर्माकोल शीटपेक्षा सरस आहे. पण पत्र्याच्या घरात चूल किंवा गॅस त्याच खोलीत असतो. उघडा थर्माकोल पेटला की वितळून जळते थेंब खाली पडतात, धूर काळा आणि घातक. लावायचाच असेल तर २० च्या आसपास घनतेचा (घनमीटरला किलो), आग धरून न ठेवणारा प्रकार मागून घ्या आणि खालून सिमेंट शीट किंवा जिप्समनं पूर्ण झाका. स्वयंपाकघरात नकोच. पॅकिंगचा भुसभुशीत थर्माकोल तर उंदरांचं घरटं आहे.

नवं घर बांधणाऱ्यांनी सरळ ५० मिमीचे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम) घ्यावेत. साध्या पत्र्यापेक्षा महाग, पण मेमधली ४३ अंशांची दुपारही त्यातच निभावते.

काळी_माती | ३० ऑक्टोबर, सकाळी ८.१५

आणि पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या नाहीतर पाचट टाकतात ते?

गोदाकाठ | ३० ऑक्टोबर, दुपारी १.३०

काम करतं. पत्रा आणि आभाळ यांच्यात तुराट्या येतात, म्हणजे अंगणातली गाडी लिंबाखाली नेण्यासारखंच. पण त्याखाली ओल धरून पत्रा गंजतो, विंचू-उंदीर मुक्कामाला येतात, आणि शेकोटीची एक ठिणगी पुरते. गोठ्यावर टाका, राहत्या घरावर नको. गोठ्याला उत्तरेकडून पोत्यांचा पडदा आणि खाली कोरडं पाचट एवढं केलं तरी जनावरांचं भागतं. तिथेही आढ्याची फट उघडीच ठेवा, मुताच्या वाफेनं वासरं खोकतात.

सरे_किलचन | ३० ऑक्टोबर, रात्री १०.२०

माळवदाबद्दल लिहितो, कारण त्याबद्दल कौतुक फार आणि हिशेब कमी होतो.

दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, तुळया, त्यावर सरे (आडवी लाकडं), किलचन (त्यांवरची लाकडी फळकुटं), लिंबाचा पाला, चिखल आणि वर पांढरी माती. असल्या घरात पहाटेचा गारठा जाणवत नाही हे खरं. कोरड्या मातीत दिवस-रात्रीची तापमानाची लाट इंच आठ-नऊ उतरेपर्यंत बहुतेक विरते, आणि उरलेली कित्येक तास उशिरा आत पोचते. म्हणजे दुपारची ऊब छतातून रात्री खाली येते. थंडीसाठी माळवदाला वेगळं काही बसवायची गरज नाही.

पण आठ-नऊ इंचांच्या वरची माती ऊबेच्या हिशेबात जवळपास फुकट आहे. ती फक्त वजन. दर एक-दोन वर्षांनी गळती बुजवायला लोक वरून पाट्या टाकतात, जुनी माती कुणी काढत नाही, आणि थर दीड-दोन फुटांवर जातो. ठोकलेल्या कोरड्या मातीचं वजन घनफुटाला ४५-५० किलो. १० बाय १२ खोलीवर दीड फूट माती म्हणजे १८० घनफूट, साडेआठ टनांच्या आसपास. नुसता २ इंचांचा नवा थर दिला तर आणखी जवळपास एक टन. हे सगळं ज्या भिंतींवर आहे त्यांचे दगड चिखलात बसवलेले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला, औसा-उमरगा पट्ट्यात जो भूकंप झाला त्यात माणसं मेली ती मुख्यतः या वजनाखाली आणि फुगून फुटलेल्या जाड भिंतींखाली. तेव्हा हिवाळ्याच्या तयारीच्या नावाखाली वर माती चढवू नका. उलट नोव्हेंबर-डिसेंबर हा माती उतरवायचा काळ आहे: पाऊस संपलेला, माती कोरडी.

एका कोपऱ्यातून सगळी खरवडू नका, वजन एका बाजूला राहून तुळई कलते. पूर्ण छतावर सारखी, ३-३ इंचांनी उतरवत चिखलाच्या थरापर्यंत या. किलचन दिसेल तिथे हातानं दाबून पाहा, भुसा निघाला तर वाळवी लागलेली आहे, ते तुकडे बदला. भिंतीत शिरलेली तुळईची टोकं खासकरून तपासा, ओल तिथेच धरते. मग चिखल सारवून, काटे-खडे वेचून, त्यावर हजार गेजचा, म्हणजे २५० मायक्रॉनचा अखंड प्लास्टिक कागद. सांधा द्यावा लागला तर फूटभर एकावर एक. कागदावर आठ इंच चाळलेली पांढरी माती, दोन थरांत, हलकं पाणी शिंपडून चोपण्यानं चोपायची. उतार दहा फुटांना ३ इंच, पन्हाळीकडे. त्या १० बाय १२ खोलीवरचं ओझं साडेआठ टनांवरून चारच्या आत येतं आणि ऊब तेवढीच राहते.

भिंतीला उभी भेग असेल, भिंत पोटातून फुगली असेल, तर मजूर चढवू नका. आधी अभियंत्याला दाखवा.

वाकळ | ३० ऑक्टोबर, रात्री ११.०२

दादा, साण्याचं, म्हणजे माळवदातल्या उजेड-धुराच्या भोकाचं, काय करायचं? रात्री तिथूनच गार झोत येतो. काही जण वर फरशीचा तुकडा ठेवून देतात.

सरे_किलचन | ३१ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

ताई, खाली चूल पेटत असेल तर साणं बुजवायचं नाहीच. त्याच्या भोवती ४-५ इंच उंच विटांचा काठ करा आणि वर चार पायांवर पत्र्याची टोपी बसवा, काठ आणि टोपीत ४ इंच फट ठेवून. आभाळ झाकलं जातं, धूर निघत राहतो. चूल नसलेल्या खोलीत काठावर ५-६ मिमीची काच चालेल. फरशीनं उजेड पण जातो.

दुधना | ३१ ऑक्टोबर, रात्री ९.१५

स्लॅबबद्दल मी लिहितो. पाच-सहा इंची स्लॅब दिवसभर तापतो, संध्याकाळी ८-९ पर्यंत खोली उबदार असते आणि पहाटे ४ नंतर तोच स्लॅब बर्फाची लादी होतो. वरच्या मजल्यावर हे जास्त. मधल्या मजल्यावर राहणाऱ्याला हा धागा वाचायची गरज नाही.

वर ३-४ इंचांचा विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर फरक पडतो, पण ४ इंची कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो. जुन्या स्लॅबवर आधीच एक कोबा असताना दुसरा चढवू नका.

उन्हाळ्यासाठी गच्चीला पांढरा रंग देणार असाल तर तो आता देऊ नका, फेब्रुवारी अखेरीस द्या. पांढरा रंग दिवसाचं ऊन परतवतो, आणि थंडीत ते ऊन आपल्याला हवं असतं.

दक्षिणेकडची खिडकी ही स्लॅबच्या घराची फुकटची शेगडी. २१-२२ डिसेंबरला परभणी-जालन्याच्या अक्षांशावर भर दुपारी, म्हणजे साडेबाराच्या आसपास, सूर्य सत्तेचाळीस अंशांच्या जवळपास असतो. लिंटेल (खिडकीची वरची कड) ७ फुटांवर असेल तर ऊन खोलीत साडेसहा फूट आत यायला हवं, दीड फुटी छज्जा त्यातलं दीड फूट खातो. उरलं ५ फूट. तेवढी फरशी ११ ते ४ मोकळी ठेवा, सतरंजी गुंडाळून. शहाबादी फरशी ऊन साठवते, सतरंजी साठवत नाही. साडेचारला खिडकी बंद, पडदा ओढा, सतरंजी पसरा. पडदा खिडकीच्या काठाखाली अर्धा फूट उतरलेला हवा. वरून-खालून उघडा पडदा काचेवरची गार हवा खाली ओततच राहतो.

फटफटी | ३१ ऑक्टोबर, रात्री १०.१०

दारांचं कुणीच बोलेना. ३ फुटी दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे १८ चौरस इंच. भिंतीला सव्वाचार बाय सव्वाचार इंचाचं भोक पाडल्यासारखंच झालं ते. बाजारात दाराखाली लावायची रबरी पट्टी मिळते, नाहीतर जुन्या पँटच्या पायात सरकी किंवा वाळू भरून आडवं टाका. सागवानी दरवाजा आणि भिंतीतल्या फटीत पुट्टी.

सरे_किलचन | ३१ ऑक्टोबर, रात्री १०.३५

पुट्टी फक्त चौकट आणि भिंत यांच्यामध्ये. दाराच्या फळ्यांमध्ये किंवा दार-चौकट यांच्यात कडक काही भरू नका. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फटी आता दिसतात. जूनमध्ये तेच लाकूड फुगतं आणि दार अडकून बसतं, मग लोक रंधा मारतात आणि पुढच्या थंडीत फट दुप्पट. तिथे फोमची चिकटपट्टी किंवा सुतळी. आणि रंधा मारायचाच तर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर घाईनं मारू नये.

पट्टी_पाइप | ३१ ऑक्टोबर, रात्री १०.५०

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना कडेची लोकरी पट्टी झिजलेली असते, ती ओढून काढून नवी सरकवता येते. खालच्या रुळातली बारीक भोकं मात्र बुजवू नका, ती पावसाचं पाणी बाहेर जायला आहेत.

निळी_ज्योत | १ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

फटी बुजवा म्हणताय तिथे एक अट मोठ्या अक्षरात हवी. ज्या खोलीत काही जळतं, तिथली हवेची वाट बुजवायची नाही. गॅस गीझर, कोळशाची शेगडी, निखाऱ्याचं घमेलं, सगळं यात आलं.

शिवारातला | १ नोव्हेंबर, सकाळी १०.०५

शेगडी बाहेर पेटवून, धूर गेल्यावर निखारे आत आणले तर काय होतंय? सगळेच करायलेत.

निळी_ज्योत | १ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

धूर गेला म्हणजे धोका गेला, हाच गैरसमज माणसं मारतो. धूर म्हणजे न जळालेले कण, ते दिसतात, डोळ्यांत जातात, माणूस उठून खिडकी उघडतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, खोकला येत नाही. लाल निखाऱ्याला पुरेशी हवा मिळाली नाही की तो हाच वायू सोडतो, आणि राखेनं झाकलेला निखारा तर रात्रभर सोडत राहतो. शेकायचं ते ओसरीत, अंगणात. निजायच्या खोलीत निखारे नेऊच नका, दार किलकिलं ठेवूनसुद्धा नाही.

गॅस गीझरचा हिशेब मांडतो. मिनिटाला ६ लिटरचा गीझर तासाला साधारण ९०० ग्रॅम गॅस जाळतो. १ किलो गॅसला १२ घनमीटरच्या आसपास हवा लागते. ४ बाय ६ चं, ८ फूट उंच बाथरूम म्हणजे साडेपाच घनमीटर. १५ मिनिटांत सव्वादोनशे ग्रॅम गॅस, त्याला पावणेतीन घनमीटर हवा, म्हणजे बाथरूमच्या हवेतल्या निम्म्या प्राणवायूइतका खर्च. सगळा संपायची वाट पाहावी लागत नाही. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांनी घसरला की ज्योत अर्धवट जळायला लागते, निळीची पिवळी होते, आणि विषारी वायू सुरू होतो. एकामागोमाग तिघांच्या आंघोळी झाल्या की तिसऱ्याच्या वाट्याला सगळं साचलेलं येतं.

शिवारातला | १ नोव्हेंबर, सकाळी १०.४२

वरची खिडकी उघडी ठेवली तरी?

निळी_ज्योत | १ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

एकाच भोकातून हवा नीट खेळत नाही. वरून तापलेला वायू जायला आणि खालून ताजी हवा यायला दोन वाटा लागतात. शिवाय थंडीत तीच खिडकी कुणीतरी वर्तमानपत्र लावून बंद करतं. म्हणून भोकं मोजत बसण्यापेक्षा गीझरच बाहेर काढा. बाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोशाला, आणि आत फक्त गरम पाण्याची लाइन. ५-६ फूट पाइप वाढतो, एवढाच खर्च. ज्या खिडकीतून वायू परत आत येईल तिच्या खाली गीझर लावू नका. रबरी नळीवर छापलेली मुदत बघा, सिलिंडर गीझरच्या बरोबर खाली नको.

डोकं जड होणं, गरगरणं, उलटीची भावना, पायातलं बळ जाणं, हीच लक्षणं. पायातलं बळ गेल्यावर कडी काढता येत नाही, म्हणून मुलांना आतून कडी न लावण्याची सवय लावा. कुणी पडलेलं दिसलं तर दार फोडून आधी बाहेर मोकळ्या हवेत ओढा, गॅस बंद, १०८ ला फोन. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्या.

बॅटरीवरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म मिळतो. घ्या, पण तो लावलाय म्हणून गीझर आत ठेवू नका.

काळी_माती | १ नोव्हेंबर, रात्री ८.२०

सोलरचं सांगा कुणीतरी. काचेच्या नळ्यांचं २०० लिटरचं आहे, बोअरचं जड पाणी. मागच्या थंडीत पाणी कोमटच यायचं.

दुधना | १ नोव्हेंबर, रात्री ९.३५

काळी_माती, तीन ठिकाणी बघा.

नळीचं खालचं टोक: तिथे चंदेरी ठिपका असतो. तो पांढरट झाला असेल तर नळीतली निर्वात पोकळी गेली, ती नळी बदलायची. एक-दोनच अशा असतील तर रात्री टाकीतली ऊब त्यांतूनच बाहेर जाते.

क्षार: बोअरच्या पाण्यानं नळीच्या तळाशी पांढरा गाळ साचतो आणि टाकीच्या जोडाला खपली धरते. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून, पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर नळ्या एकेक उतरवायच्या, गाळ ओतायचा, सायट्रिक ॲसिडचं पाणी काही तास भरून ठेवायचं आणि धुवायचं. रबरी सील कडक झालेली दिसली तर त्याच वेळी नवी. हे काम भर दुपारी करू नका. उन्हात रिकामी नळी प्रचंड तापते आणि गार पाणी शिरताच तडकते. टाकी दुपारी रिकामी झाली तरी तोच नियम: संध्याकाळपर्यंत भरू नका.

तिसरं, गच्चीवरून खाली येणारा पाइप. पाऊण इंची सीपीव्हीसी ४० फूट असेल तर त्यात ३ लिटर पाणी मावतं, १ इंची असेल तर ५. पहाटे ते सगळं गार झालेलं असतं, आणि प्रत्येक जण आपली बादली भरताना ते सोडून देतो. पाइपावर ९ ते १३ मिमी जाडीची नायट्राइल रबराची नळी चढवा, वरून ॲल्युमिनियम टेप. उघडा फोम उन्हानं एक-दोन वर्षांत भुगा होतो. आंघोळी लागोपाठ उरका, मध्ये तासाचं अंतर पडलं की पाइप परत गार.

नवं बसवणाऱ्यांनी स्टँडचा कोन ३० ते ३५ अंश ठेवावा, तोंड दक्षिणेला. थंडीतलं ऊन तिरपं असतं, सपाट बसवलेलं सोलर उन्हाळ्यात उकळतं आणि थंडीत रुसतं.

फटफटी | १ नोव्हेंबर, रात्री १०.००

विजेच्या गीझरचंही जोडून टाकतो. २५ लिटर, २ किलोवॅट, २० वरून ६० अंशांना न्यायला ३५ मिनिटं लागतात. पण हे २३० व्होल्टला. रब्बीच्या मोटारी चालू असताना गावात १८० व्होल्ट येतात, तेव्हा तोच गीझर १२०० वॅटचा होतो आणि तासभर घेतो. गीझर बिघडलेला नसतो. जड पाण्यात थर्मोस्टॅट ५० वर ठेवा, ६० च्या वर खपली भराभर धरते. आतला मॅग्नेशियमचा दांडा वर्षाला तपासा, पेन्सिलीएवढा उरला तर बदला. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतो म्हणून त्याला बूच मारू नका.

बादलीत टाकायचा रॉड: बटण बंद, प्लग बाहेर, मगच पाण्यात बोट. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ कोरडं पडलं असेल तर दोन बादल्या पाणी ओता, आणि ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा.

उणे_तीस | २ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

मूळ नांदेड, मुक्काम एडमंटन. गोदाकाठांनी सुरुवातीला ज्या यादीला नावं ठेवली ती इथली आहे, म्हणून तिच्यामागचं कारण सांगतो. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. पाइप फुटतो तो बर्फापाशीच असं नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यात अडकलेल्या पाण्याचा दाब वाढून फुटतो. म्हणून बाहेरच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद करून बाहेरचा नळ उघडा सोडतात, आणि बागेची नळी काढून ठेवतात. ती तशीच लावून ठेवली तर पाणी निथळत नाही. घर रिकामं सोडायचं तर हीटर १२-१३ अंशांच्या खाली नेत नाहीत.

पण छताचं तत्त्व दोन्हीकडे एकच निघतं. इथे माळ्यावर १४-१५ इंच तंतुमय थर असतो, त्याच्या खाली, म्हणजे घराच्या बाजूला, वाफ अडवणारा प्लास्टिकचा पडदा, आणि थराच्या वर बाहेरची हवा खेळती. पडद्याला भोक राहिलं की दमट हवा वर जाते, छताच्या फळ्यांवर खालून हिम धरतं आणि ऊन पडलं की घरात टपकतं. तुराटींच्या पत्र्याचा घाम तो हाच. आणि छतातून ऊब निसटली तर वरचं बर्फ वितळून पाणी गार वळचणीपाशी पुन्हा गोठतं, बांध तयार होतो आणि पाणी कौलांखालून आत येतं. लोक बांध फोडत बसतात. दुरुस्ती माळ्यावर करायची असते.

वाकळ | २ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

माझी भर अंथरुणाची. बाजेवर झोपणाऱ्यांना वरून दोन पांघरुणं घेऊनही गार लागतं, कारण सुतळीतून खालून हवा लागते. एक वाकळ खाली घ्या, त्याखाली पोतं. गादीचा कापूस दबला असेल तर पिंजून घ्या, ऊब कापसात नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या आणि ४ च्या आत घरात घ्या, दव पडायच्या आधी.

तुराटी | ९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

शीट आणली. पट्टी_पाइप, एक शंका. वळचणीकडं पत्रा अन् शीट यांच्यातली पोकळी बाहेरून उघडी राहायली. ती पण टेप मारून बंद करू का? चिमण्या शिरतील.

पट्टी_पाइप | ९ नोव्हेंबर, रात्री ९.२०

बंद करू नका. घराच्या बाजूनं सगळं बंद, बाहेरच्या बाजूनं पोकळी उघडी. चुकून वर गेलेली वाफ तिथूनच निघते, वर एडमंटनवाल्यांनी लिहिलंय तेच. तोंडाला पाव इंची विणीची जाळी वाकवून पॉप रिव्हेट मारा, चिमणी आणि उंदीर दोन्ही थांबतात. आणि टेप लावायच्या आधी शीट कोरड्या फडक्यानं पुसा, काम दुपारी करा. पहाटे गार, ओलसर शीटवर लावलेली टेप आठ दिवसांत सुटते.